सोन्याच्या पाळण्यात सोन्याचा शोध

'जालना, सोने का पालना' ही म्हण मराठवाड्यात लहानथोर सर्वांच्या तोंडी आहे. ती पडली ती येथील बाजारपेठेमुळे. कापूस, सरकी, धान्य, पुढे बियाणे आणि लोखंडी सळ्या यांच्या व्यापाराने हे गाव भरभराटीला आले. पण म्हणीचा अर्थ शब्दशः घेतला तर? कुंडलिका, दुधना, पूर्णा, गोदावरी या आपल्या नद्यांच्या वाळूत खरोखरच सोने असेल का? आणि असेल किंवा नसेल, हे एखाद्या विद्यार्थ्याला स्वतः शोधून काढता येईल का?

विद्यार्थी मित्रहो, नदीची वाळू परातीत धुऊन सोन्याचे कण शोधणे हा जगातील अनेक देशांत लोकांचा सुट्टीचा छंद आहे. आपणही तो करू शकतो. त्यासाठी लागणारे सामान आपल्या स्वयंपाकघरात आहे आणि त्यामागचे शास्त्र नववी-दहावीच्या पुस्तकात आहे. मात्र या छंदातून श्रीमंत होण्याची आशा आरंभीच सोडून द्या. या लेखात आपण जे शोधणार आहोत ते सोन्याहून थोडे वेगळे आहे. ते काय, हे शेवटी कळेल.

तांदळातले खडे आणि वाळूतले सोने

तांदळात बारीक खडे असले की आई काय करते? ती तांदूळ पातेल्यात घेते, पाणी घालते, गोल हलवते आणि पाण्याबरोबर तांदूळ हळूहळू दुसऱ्या भांड्यात सोडते. खडे मागे, तळाशी राहतात. सोने शोधणाराही नेमके हेच करतो. फरक एवढाच, की आई वरचे ठेवते आणि खालचे टाकते, तर सोने शोधणारा वरचे टाकून खालचे ठेवतो.

हे कशामुळे घडते? पुढील आकडे पाहा. पाण्याच्या मानाने पदार्थ किती पट जड, म्हणजेच त्याचे विशिष्ट गुरुत्व, येथे दिले आहे.

गारगोटी (क्वार्ट्झ) – २.६५
काळा पाषाण (बेसाल्ट) – सुमारे २.९
मॅग्नेटाइट – ५.२
तांबे – ८.९
सोने – १९.३

पाण्यात बुडालेल्या प्रत्येक कणाला पाणी वर ढकलत असते. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार कणाने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके हे प्लावक बल असते. म्हणून कणाचे पाण्यातील 'वजन' काढायचे तर वरील प्रत्येक आकड्यातून १ वजा करावा लागेल. बेसाल्टचा उरतो १.९, सोन्याचा १८.३. भागाकार करून पाहा. हवेत सोन्याचा कण तेवढ्याच आकाराच्या बेसाल्टच्या कणापेक्षा साडेसहा पटींनी जड असतो, पण पाण्यात तो साडेनऊ पटींहून अधिक जड ठरतो! पाण्याने सोन्याची बाजू घेतली म्हणायची.

पण येथे एक मेख आहे. अगदी बारीक कण पाण्यात किती वेगाने खाली जाईल, हे स्टोक्सच्या नियमाने सांगता येते. हा वेग कणाच्या पाण्यातील जडपणावर अवलंबून असतो, तसाच तो त्याच्या व्यासाच्या वर्गावरही अवलंबून असतो. त्यामुळे सोन्याचा ०.०३ मिलिमीटर व्यासाचा कण आणि गारगोटीचा ०.१ मिलिमीटर व्यासाचा कण जवळजवळ सारख्याच वेगाने तळाला जातात. मोठा हलका आणि लहान जड यांची अशी बरोबरी झाली, की परात त्यांना वेगळे करू शकत नाही. म्हणून धुण्याआधी वाळू चाळून सारख्या आकाराची करून घ्यावी लागते. चाळणीविना परात म्हणजे अर्धीच युक्ती.

आधी हाताची परीक्षा

आता लगेच नदीवर धावू नका. शोध घेणाऱ्याने आधी स्वतःचीच परीक्षा घ्यायची असते. समजा तुम्ही वाळू धुतली आणि काहीच सापडले नाही. याचे अर्थ दोन: वाळूत काही नव्हते, किंवा होते पण तुमच्या हातून पाण्याबरोबर वाहून गेले. या दोहोंत फरक कसा करणार?

उपाय सोपा आहे. बांधकामाच्या ढिगाऱ्यातली एक किलो वाळू विचारून आणा आणि पिठाच्या चाळणीने चाळून घ्या. जुन्या लवचिक विजेच्या वायरमधली (कशालाही न जोडलेली!) तांब्याची एक बारीक तार घ्या. ती साधारण ०.२ मिलिमीटर जाडीची असते. शिक्षकांच्या देखरेखीखाली तिचे एकेक मिलिमीटर लांबीचे बरोबर वीस तुकडे करा. ते चाळलेल्या वाळूत नीट मिसळा. हे आपले 'सोने'.

आता वाळू उथळ परातीत घ्या. ती पूर्ण बुडेल इतके पाणी घाला आणि त्यात भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब टाका. धातूचा चपटा बारीक कण पाण्याच्या पृष्ठताणामुळे चक्क तरंगत राहतो. साबण हा ताण कमी करतो आणि कण बुडतो. मग परात आडवी धरून अर्धा मिनिट जोराने हलवा, म्हणजे जड कण खाली उतरतील. नंतर परात किंचित तिरपी करून, गोल हिंदकळत, वरचा गढूळ थर थोडा थोडा टबात सोडा. पुन्हा आडवी धरून हलवा, पुन्हा थोडे सोडा. घाई करू नका. शेवटी चमचाभर काळसर वाळू उरली, की भिंगाखाली टाचणीने तुकडे मोजा.

वीसपैकी किती मिळाले? पहिल्या खेपेला दहा-बाराच मिळाले तरी नाराज होऊ नका. हात बसेपर्यंत सराव करा आणि मग ओळीने पाच वेळा प्रयोग करून प्रत्येक आकडा वहीत लिहा. समजा शंभरपैकी ८५ तुकडे परत मिळाले. याचा अर्थ एखादा कण तुमच्या हातून निसटण्याची शक्यता ०.१५ आहे. वाळूत दोन कण असतील, तर दोन्ही निसटण्याची शक्यता ०.१५ × ०.१५, म्हणजे सुमारे २ टक्के. तिन्ही निसटण्याची शक्यता तर तीनशेत एक!

आता पुढचे गणित पाहा. याच आकाराचा सोन्याचा तुकडा सुमारे ०.६ मिलिग्रॅमचा होईल. तुम्ही नदीची वीस किलो वाळू याच कसोशीने धुतली आणि एकही कण मिळाला नाही, तर तिच्यात असे तीन किंवा अधिक तुकडे असण्याची शक्यता फारच थोडी. तीन तुकडे म्हणजे १.८ मिलिग्रॅम, टनामागे ०.०९ ग्रॅम. सोन्याच्या खाणीत टनामागे काही ग्रॅम सोने असलेला दगड फोडला जातो. म्हणजे शाळकरी मुलांची परातही, कण पुरेसे मोठे असतील तर, खाणीच्या दगडाहून कितीतरी गरीब वाळूची परीक्षा घेऊ शकते. याहून बारीक कणांबद्दल मात्र हा प्रयोग काही सांगत नाही, हेही वहीत लिहून ठेवा.

नदीवर काय पाहावे

पावसाळा संपून पाणी उतरले, की नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे दिवस या कामाला उत्तम. नदी स्वतःच एक मोठी परात आहे. जेथे प्रवाह मंदावतो तेथे ती जड माल टाकते: वळणाच्या आतल्या काठाला, मोठ्या धोंड्याच्या मागच्या बाजूला, खडकातील भेगांत, गवताच्या मुळांशी. वळणाच्या बाहेरच्या काठाला पाणी वेगाने धावते व काठ कुरतडते. तेथे शोधणे व्यर्थ.

अशा दहा जागा निवडा. प्रत्येक ठिकाणची दोन किलो वाळू धुवा. तळाशी काळी, जड वाळू उरेल. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तिच्यावरून फिरवा. काळे कण पिशवीला चिकटतील, आणि चुंबक पिशवीबाहेर काढला की ते आपोआप कागदावर पडतील. हे मॅग्नेटाइट. शाळेच्या प्रयोगशाळेतील तराजूवर त्याचे वजन करा आणि नदीच्या नकाशावर त्या त्या जागी लिहा. कोठे जास्त, कोठे कमी हे पाहिले की नदी जड कण कसे वाटते याचे चित्रच तुमच्यापुढे उभे राहील. भूवैज्ञानिकही असेच करतात. कण सापडू लागले की ते प्रवाहाच्या उलट दिशेने वर वर जातात. ज्या ओढ्याच्या मुखापुढे कण मिळेनासे होतात, तो ओढा त्या कणांचे माहेर.

चमकणारे काही पिवळे सापडले तर? तीन कसोट्या लावा. सोने सावलीतही तसेच पिवळे दिसते. अभ्रक आणि स्फटिक फक्त ऊन पडल्या कोनात लखलखतात. टाचणीने दाबल्यास सोने दबते, चपटे होते. अभ्रकाचे पापुद्रे निघतात, लोहमाक्षिक (ज्याला लोक 'मूर्खांचे सोने' म्हणतात) फुटते. झिलई नसलेल्या पांढऱ्या चिनी मातीवर घासल्यास सोन्याची रेघ पिवळी उमटते, लोहमाक्षिकाची हिरवट काळी. आम्लाची कसोटी हे तुमचे काम नव्हे. ती सराफावर सोपवा.

जालन्याच्या वाळूत सोने का नाही?

आता मुख्य प्रश्न. नदीबद्दल एक नियम लक्षात ठेवा: नदी आपल्या पाणलोटाबाहेरचे काहीही आणू शकत नाही. कुंडलिका दुधनेला मिळते. पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरांतून येते. गोदावरी त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावून जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून जाते. नकाशावर या सर्वांच्या उगमापर्यंत बोट फिरवा. सगळीकडे एकच खडक, दख्खनचा काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्ह्याचे हे थर आहेत. ग्रॅनाइटसारखे फार जुने खडक गोदावरीला भेटतात ते पुढे, नांदेड जिल्ह्याच्या पूर्व भागात आणि तेलंगणात. पण पाणी उलटे वाहत नाही. तेथील कण शहागडच्या वाळवंटात कसे येणार?

'बेसाल्टात सोने नसते' असे मात्र घाईने लिहू नका. पृथ्वीच्या कवचात सरासरी टनामागे सुमारे ०.००४ ग्रॅम सोने आहे आणि बेसाल्टातही ते साधारण अशाच अल्प प्रमाणात असते. म्हणजे एक ग्रॅमसाठी २५० टन दगड, दहा टनी ट्रक असेल तर पंचवीस ट्रक! शिवाय ते कणरूपाने नसून अणुअणूंनी विखुरलेले असते. परातीला ते दिसणारच नाही.

मौज अशी, की कर्नाटकातील कोलार आणि हट्टी येथील सोने ज्या खडकांत सापडले, तेही मुळात लाव्ह्याचेच, बेसाल्टच्या जातीचे होते. मग ते भाग्यवान का? कारण त्यांचे वय अडीचशे कोटी वर्षांहून अधिक आहे. त्या काळात ते खोल गाडले गेले, दाबले गेले, तडकले. त्या तडांतून उष्ण पाणी फिरले. या पाण्याने विखुरलेले सोने विरघळवून घेतले आणि भेगांमध्ये गारगोटीबरोबर साठवले. निसर्गाने तेथे कोट्यवधी वर्षे परात हलवली. आपला काळा पाषाण त्या मानाने तरुण आहे आणि त्याच्यावर असे संस्कार झालेले नाहीत. सोने 'असणे' आणि सोने 'साठणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

महाराष्ट्रात असे प्राचीन खडक आहेत ते पूर्व विदर्भात. नागपूर-भंडारा भागातील साकोली समूहाच्या खडकांत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने सोन्याचे अस्तित्व नोंदवले आहे. पलीकडे बालाघाटच्या परिसरात नदीची वाळू धुऊन सोने काढणारी सोनझारा ही जमातच होती. १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या रसेल व हिरालाल यांच्या ग्रंथात तिची नोंद आहे. झारखंडातून वाहणाऱ्या सुवर्णरेखा नदीचे नावही उगाच पडलेले नाही.

आणखी एक योगायोग. १९५६ च्या राज्य-पुनर्रचनेपूर्वी जालना आणि हट्टी ही दोन्ही ठिकाणे एकाच हैदराबाद राज्यात होती. कोलारच्या खाणी २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाल्या, पण हट्टीची खाण आजही चालू आहे. त्याच रायचूर जिल्ह्यात मस्की येथे १९१५ साली सोन्याच्या शोधात हिंडणाऱ्या बीडन नावाच्या इंग्रज खाण अभियंत्याला खडकावर कोरलेली अक्षरे दिसली. तो सम्राट अशोकाचा लेख निघाला. 'देवानांप्रिय' म्हणून शिलालेखांत बोलणारा राजा म्हणजेच अशोक, हे या लेखातील नावाने पक्के झाले. सोने शोधता शोधता इतिहास हाती लागला!

सराफ्यातले सोने

जालन्यात सोन्याचे कण खरोखर सापडण्याची एक जागा मात्र आहे, सराफा. दागिना कानशीने घासताना, झिलई देताना सूक्ष्म भुकटी उडते. ती केरात, राखेत, गटारात जाते. महाराष्ट्रातील सराफी पेठांतून ही धूळ गोळा करून, धुऊन त्यातील सोने काढणाऱ्या कारागिरांना झारेकरी म्हणतात. समजा, दहा किलो धुळीतून दहा मिलिग्रॅम सोने निघाले. टनामागे किती झाले? एक ग्रॅम! काळ्या पाषाणाच्या अडीचशे पट. परात हलवण्याची जी विद्या आपण आता शिकलो, ती या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी जोपासली आहे. गटाराच्या काठी बसलेल्या माणसाच्या हातात केवढे शास्त्र असते, हे पुढच्या वेळी तेथून जाताना आठवा.

पण या विद्येची किंमतही जबर आहे. शेवटचे बारीक सोने पकडण्यासाठी पारा वापरतात. सोने पाऱ्यात मिसळते, मग ते मिश्रण तापवून पारा उडवून लावतात. तो उडालेला पारा श्वासावाटे शरीरात जातो आणि मेंदू व मूत्रपिंडे यांना कायमची इजा करतो. त्याला रंग नाही, वास नाही. तापवणाऱ्याला तो कळतही नाही, आणि शेजारी खेळणाऱ्या मुलालाही. पाऱ्याच्या वापराला आळा घालणारा मिनामाता करार २०१३ साली झाला. भारताने त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली. तरीही घराघरांत तापणाऱ्या कढईपर्यंत ही माहिती पोहोचायला हवी. ती पोहोचवणे हे तुमच्या विज्ञान मंडळाचे काम होऊ शकते. तुम्ही स्वतः मात्र या छंदात पारा आणि आम्ले यांना कधीही हात लावू नका. जुने मोबाइल जाळून सोने काढण्याचे उद्योगही अशाच विषारी धुराचे आहेत.

नियम आणि सावधगिरी

नदीवर एकट्याने जायचे नाही. शिक्षक किंवा घरचे मोठे माणूस बरोबर हवे. वाळूच्या उपशाने पात्रात खोल डोह पडतात. वरून पाणी संथ दिसते, म्हणून गुडघ्यापुढे पाण्यात शिरू नये. गोदावरीवर पैठणच्या जायकवाडी धरणातून पाणी सोडले जाण्याची शक्यता असेल, त्या दिवशी काठावर जाऊच नये.

वाळू हे गौण खनिज आहे; परवान्याविना ती नेता येत नाही. म्हणून वाळू तेथेच धुवा आणि तेथेच परत टाका; साबणाचे पाणी नदीत न सांडता काठावर दूर ओता. जुनी नाणी किंवा दागिने सापडले, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. आपल्याच जिल्ह्यातील भोकरदन हे प्राचीन भोगवर्धन. तेथे १९७३ च्या सुमारास झालेल्या उत्खननात सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष मिळाले. अशा जागी उकरलेली एक कुदळ इतिहासाचे पान फाडते. आणि 'गुप्तधन काढून देतो' असे सांगणारा भेटला, तर त्याला तुमची परात आणि वही दाखवा. गुप्तधनाच्या नावाने अघोरी कृत्ये करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

रित्या हाताने परत?

सोने मिळाले नाही, तरी पिशवी रिकामी राहत नाही. नांगरलेल्या रानात, विहिरीच्या जुन्या उपशात काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतून निघालेले अकीक, गारगोटीचे स्फटिक, पांढरे-गुलाबी झिओलाइट मिळू शकतात. मालकाला विचारून उचला, धुवा, चिठ्ठी लावा: कोठे, कधी, कोणत्या खडकात. शाळेचा खनिजसंग्रह असाच सुरू होतो.

आणि आरंभी म्हटले होते ती सोन्याहून वेगळी गोष्ट? ती तुमच्या वहीत आहे. 'आमच्या नदीत सोने नाही' असे कोणीही म्हणेल. 'आमच्या नदीत सोने आहे' असेही कोणी छातीठोकपणे सांगेल. पण 'या दहा जागांची वीस किलो वाळू आम्ही धुतली, शंभरातले ८५ कण पकडणाऱ्या हातांनी धुतली आणि अमुक आकाराचा एकही कण मिळाला नाही' हे वाक्य फक्त तुम्हीच लिहू शकाल. 'नाही' हे उत्तरही मोजूनमापून मिळवावे लागते. असे मोजलेले 'नाही' नुसत्या ऐकीव 'आहे'पेक्षा अधिक मोलाचे असते.

करून पाहा:

१. सोन्याऐवजी सुईच्या बारीक तुकड्यांनी (लोखंड ७.८) हाच प्रयोग केला, तर परत मिळण्याचे प्रमाण वाढेल की घटेल? आधी अंदाज लिहा, मग मोजा.

२. चाळलेली आणि न चाळलेली वाळू घेऊन परत मिळालेल्या तुकड्यांची तुलना करा.

३. तुमच्या गावच्या ओढ्याचा पाणलोट नकाशावर रेखाटा. त्यातील वाळूत काय असू शकेल आणि काय असूच शकणार नाही, याची यादी करा.